बाफलमामा

आमच्या जानेफळात कुणाची चूल धुरायला लागली की आधी घरातली बाई पदरानं डोळे पुसते, मग नवऱ्याला चार शब्द सुनावते, नवरा ओल्या पऱ्हाटीला दोष देतो, आणि एवढं सगळं यथासांग पार पडल्यावर ओसरीवरून कुणीतरी म्हणतं, "मामाले बोलवा." बोलवायला जावं मात्र लागत नाही. माळवदावर नेहमीपेक्षा काळा धूर दिसला की मामा आपणहून येतात. दारात चपला काढतात आणि आत पाऊल टाकायच्या आधी निदान करून मोकळे होतात.

"बाफल गेला."

ते कुणाचे मामा, हे मला आजवर कळलेलं नाही. माझ्या वडिलांचे ते मामा, माझेही मामा आणि माझ्या मुलालाही तो मान आपसूक मिळालेला आहे. वय सत्तरीच्या पुढे. टोपी कधीकाळी पांढरी असावी. आता तिचा रंग कोणत्या घरची चूल आदल्या दिवशी साफ केली यावर ठरतो. उजव्या खिशात अगरबत्तीचा पुडा, डाव्या खिशात सायकलच्या चाकाची एक तार आणि पिशवीत थापी, ओलं फडकं, जुना टेप. त्या टेपचे पहिले दोन इंच तुटलेले आहेत, त्यामुळे मामा प्रत्येक मापातून दोन वजा करतात. कधी कधी करायचं विसरतात. गावातल्या काही चुली ज्या अकारण बुटक्या आहेत, त्यांचं कारण हे.

बाफल म्हणजे बॅफल. निर्धूर चुलीला दोन तोंडं असतात. पुढच्यावर तवा आणि मागच्या वैलावर वरणाचा गंज. पुढचा जाळ मातीच्या बोगद्यातून वैलाखाली येतो आणि तिथून सिमेंटच्या पाइपानं माळवदाबाहेर पडतो. आता जाळाला वाट मोकळी मिळाली तर तो कशाला थांबेल? वैलाखालून सरळ पाइपात पळणार आणि वरचं वरण सकाळपर्यंत कोमटच राहणार. म्हणून वैलाच्या बुडाशी मातीचा एक उंचवटा करतात, बैलाच्या वशिंडासारखा. जाळ त्याच्यावर आपटतो, वर उसळतो, गंजाचं बूड चाटतो आणि मगच बाहेर जातो. वशिंडाच्या माथ्यापासून गंजाच्या बुडापर्यंत फट दोन बोटांची. जास्त झाली तर डाळ शिजत नाही, कमी झाली तर धूर मागे फिरून बाईच्या डोळ्यांत येतो. एवढासा मातीचा गोळा, वरून कुणाला दिसतसुद्धा नाही, पण चुलीची सगळी अक्कल त्याच्यात असते. हे शेवटचं वाक्य मामांचं आहे. त्यांच्या तोंडून ते ऐकताना बोलणं चुलीबद्दल चाललंय की स्वतःबद्दल, असा मला नेहमी संशय येतो.

केंद्र सरकारनं १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००२ साली तो गुंडाळला, तोवर देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या होत्या. म्हणजे कागदावर तरी बसल्या होत्या. त्या लाटेत मामा आमच्या तालुक्याच्या गावी, मेहकरला, दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले. तेव्हा ते तिशीत होते. शेती दोन एकर, तीही भावाच्या बांधाला लागून, म्हणजे वादात. दहा दिवस दोन वेळचं जेवण, वर भत्ता आणि शेवटी प्रमाणपत्र. शिकवणाऱ्या साहेबांनी उष्णतेचं वहन, ज्वलन, कार्यक्षमता असं बरंच काही सांगितलं असणार. मामांच्या लक्षात एकच शब्द राहिला, पण तो असा राहिला की पुढची चाळीस वर्षं दुसऱ्या शब्दाची गरज पडली नाही. प्रमाणपत्राला त्यांनी पुढे प्लास्टिक चढवून घेतलं. ते बैठकीत देवांच्या तसबिरींच्या रांगेत टांगलेलं आहे आणि गुरुवारी त्यालाही हार मिळतो.

मी एकदा शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, "मामा, ही कल्पना काही आपल्या सरकारची नाही. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन म्हणून होता. त्यानं पावणेतीनशे वर्षांपूर्वी लोखंडी शेगडी केली, तिच्यात आत असाच आडवा पडदा घातला होता. १७४४ साली त्यावर पुस्तिकाही छापली. वर पेटंटसुद्धा घेतलं नाही. आणि आपल्याकडे वर्ध्याच्या मगनवाडीची मगन चूल होतीच की." मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मगनवाडीला मान डोलावली, वर्धा म्हणजे विदर्भातलंच. फ्रँकलिनपाशी मात्र थांबले.

"थो मेहकरले आल्ता काय ट्रेनिंगले?"

"नाही."

"मंग त्याले दोन बोटाचं कोनं सांगतलं असंल?"

एक गोष्ट नीट कळली की माणसाला सगळ्या जगात तीच दिसायला लागते. कुणाला ग्रह दिसतात, कुणाला वात-पित्त-कफ दिसतात, मामांना बाफल दिसतो. पारावर कुणी म्हणालं की गावाला मंजूर झालेला निधी वरच्या वर कुठे जातो कळत नाही, तर मामांकडे उत्तर तयार: "मदात बाफलच नाही. येते तसा सुसाट पाइपातून जाते, गावाचं बूडच तापत नाही." मेहकर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला तेव्हा सगळे बघायला गेले, मामाही गेले. पुलावर उभे राहून बराच वेळ खाली बघत राहिले आणि म्हणाले, "रस्त्याले बाफल नाही ना बाप्पा. म्हणून डायवरले झोप लागते." कुणाच्या घरी सासू-सुनेचं जमत नसेल तर मामांच्या मते सासू हाच घराचा बाफल. ती नसती तर पोराची कमाई सरळ सुनेच्या माहेरी गेली असती. हा सिद्धांत सासवांना इतका पटला की त्या वर्षी मामांना दिवाळीचा फराळ अकरा घरांतून आला. सुनांनी मात्र गॅसच्या शेगडीसाठी हट्ट धरला तो तेव्हापासून.

गॅस हा मामांच्या आयुष्यातला खरा खलनायक. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गावात लाल सिलिंडर घरोघरी उतरले. मामांनी एका सिलिंडरभोवती फेरी मारली, शेगडीच्या बर्नरमध्ये बोट घालून बघितलं. "याच्यात काहीच दुरुस्त कराले नाही," असं म्हणून ते निघून गेले. त्या आवाजात जेवढं दुःख होतं तेवढं मी फक्त तेराव्याच्या जेवणाला ऐकलंय. पण चूल काही सुटली नाही. सिलिंडर भरायचा तर पैसे मोजावे लागतात, पऱ्हाटी आणि तुराटी तर आपल्याच शेतात उभ्या असतात. शिवाय ज्वारीची भाकर गॅसवर फुगते पण भाजत नाही, असं आमच्या काकूचं मत आहे आणि आमच्या घरात काकूच्या मताला दुसरं मत नसतं. म्हणून ओट्यावर गॅस आणि मागच्या खोलीत चूल, अशी दोन सरकारं एका घरात नांदतात.

गेल्या हिवाळ्यात मी गावी होतो तेव्हा काकूची चूल बिघडली. म्हणजे दुरुस्तीचा अख्खा सोहळा मला अगदी जवळून बघायला मिळाला, कारण मोबाइलची बॅटरी धरायचं काम माझ्याकडे आलं. मामा दारातूनच "बाफल गेला" म्हणाले.

काकू म्हणाली, "पायल्याबिगर कसं सांगता भाऊ? पाइप तुंबला असंल."

"पाइप म्या मांगल्या महिन्यात झाडला वैनी. पाइप तुंबला तं धूर तोंडातून येते. तुमचा धूर वैलातून येऊन राह्यला. वैलातून धूर म्हणजे?"

हा प्रश्न माझ्याकडे बघून होता. "बाफल," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. मला माझ्या शाळेतल्या कुठल्याही गुरुजींनी इतक्या समाधानानं मान डोलावलेली आठवत नाही.

मग अगरबत्ती निघाली. थंड चुलीच्या तोंडाशी पेटती अगरबत्ती धरली की धुराची रेघ आत ओढली जाते. किती ओढली जाते, कुठे अडखळते, यावरून मामा आतली तब्येत ओळखतात. वैद्य नाडी बघतो तसे डोळे अर्धे मिटून, श्वास रोखून. अगरबत्ती मोगऱ्याची होती. काकूनं सवयीनं हात जोडले. रेघ आत गेली, वैलाशी थबकली, दोन फाटे फुटले आणि एक फाटा वर आला. मामांनी बाह्या सारल्या. गंज उतरवून त्यांनी वैलात हात घातला. खांद्यापर्यंत हात चुलीत, गाल ओट्याला टेकलेला, डोळे छताकडे. अडलेली म्हैस सोडवताना जनावरांचा डॉक्टर जसा दिसतो, अगदी तसेच. बराच वेळ आत चाचपून त्यांनी हात बाहेर काढला. तळव्यावर काजळी माखलेला मातीचा तुकडा, नारळाच्या कवडाएवढा. एक कड भाजून विटेसारखी लाल, दुसरी अजून काळी आणि मधून सरळ चीर.

"हे पाह्य," मामा मला म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "एका अंगानं इस्तो, एका अंगानं पाइपाकडची थंडी. इकून तापते, तिकून निवते. त्यात तुमचं वरण उतू जाते, तापल्या मातीवर पाणी. चिरंल नाही तं काय करंल?"

"वरण या महिन्यात एकडावच उतू गेलं," काकू दारातून म्हणाली.

"एकच डाव लागते वैनी."

पुढची पंधरा मिनिटं मामा जसे होते तसे मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. बडबड बंद. त्यांनी माती आणली ती कुठून, तर आमच्याच जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीतून. काळी माती त्यांनी हातात घेतली नाही. ती भिजली की फुगते आणि वाळली की उन्हाळ्यातल्या वावरासारखी भेगाळते. चुलीत घातली तर आठ दिवसांत तिच्या पापड्या सुटतील. पडक्या भिंतीची पांढरी माती साठ-सत्तर पावसाळे खाल्लेली, तिची सगळी रग जिरलेली. ती चाळून त्यात गव्हाचा बारीक भुसा, शेण, चिमूटभर राख. पाणी थोडं थोडं. मळताना मामा मधेच गोळी करून कानाशी नेऊन दाबायचे. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. भुसा जळून गेला की मातीत बारीक पोकळ्या राहतात आणि तापल्यावर फुगायला मातीला जागा मिळते, एवढं मात्र सांगितलं. चुलीतला जुना तुटका भाग त्यांनी सायकलच्या तारेनं खरवडला, ओल्या फडक्यानं भिजवला. कोरड्या जुन्या मातीवर ओली नवी माती बसवली तर ती तिसऱ्या दिवशी सुटून येते. मग गोळा आत गेला. अंगठ्यानं थापत, बोटांनी मागचा उतार काढत, न बघता. शेवटी वैलावर गंज ठेवून दोन बोटं आडवी सरकवली. अडकली. एक चिमूट माती काढली, पुन्हा सरकवली.

"झालं," ते म्हणाले.

मामा इथेच थांबले असते तर हे व्यक्तिचित्र लिहायची वेळ आली नसती. बाफल अर्ध्या तासात झाला. मग त्यांना चुलीचं तोंड मोठं वाटायला लागलं. ते लहान केलं. तोंड लहान झाल्यावर पाइप बाजूला कललेला दिसला. पाइप सरळ करताना माळवदाची धाब्याची माती अर्धं टोपलं खाली आली, ती दुधाच्या पातेल्यात. संध्याकाळपर्यंत चूल दोन इंच बुटकी झाली होती (टेपचे ते पहिले दोन इंच!), काकू बोलेनाशी झाली होती आणि मामांनी निकाल दिला होता: "आता आठ दिस इस्तो घालाचा नाही. सावलीत वाळू द्या. घाई केली तं माही गॅरंटी नाही."

"अन् तवरोक भाकरी?"

"मागं तीन दगडं मांडा वैनी. तुमच्या बाच्या घरी काय होतं?"

सहा दिवस आम्ही तीन दगडांच्या चुलीवरची, धुरात न्हालेली भाकर खाल्ली. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो म्हणतात. उरलेले नऊ माझ्या डोळ्यांना लागले. सातव्या दिवशी, मामा हिवऱ्याला गेल्याची खात्री करून, काकूनं चूल पेटवली. हिवरा आश्रमात दर वर्षी विवेकानंद जयंतीचा महाप्रसाद असतो. पुरी आणि वांग्याची भाजी, लाखो माणसं एका वेळी पंगतीला, वाढायला ट्रॅक्टर. माणसं भाजीच्या चवीबद्दल बोलत परततात. मामा परततात ते भल्यामोठ्या चुलाणांचा हिशेब घेऊन. "एवढ्या इस्त्याचं वावधन! आडवा एकच बाफल टाकला तं अर्ध्या लाकडात भागते." हे ते दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी त्यांना पुरी जास्त वाढली जाते. काकूची चूल मात्र एका फुंकरीत पेटली. धूर सरळ पाइपात गेला. वैलावरचं वरण पहिल्या भाकरीबरोबर उकळलं. काकूनं चुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सांगशीन नको त्याले," ती म्हणाली.

त्याच सुमारास माझ्या चुलतभावाच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तो अमेरिकेत, उत्तरेकडे कुठेतरी, जिथे गुडघाभर बर्फ पडतं. घर गरम करायला त्यांच्याकडे लोखंडी, काचेच्या दाराची लाकडाची भट्टी आहे. बोलता बोलता म्हणाला, "भट्टी बिघडलीय. आतला बॅफल क्रॅक झालाय."

ओसरीवर मामा बसले होते. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"काय म्हन्ला थो?"

मोबाइल त्यांच्या हातात दिला. पुढचा प्रसंग मी साक्षीदार म्हणून सांगतोय. मामांनी आधी चुलीचं तोंड दाखवायला लावलं, मग आतली बाजू, मग वरची. आत वर, छताला टेकल्यासारखी एक फिकट पाटी आडवी होती आणि तिच्या मधोमध चीर. जाळ तिला आपटून मागे वळतो, धुरातला न जळलेला अंश तिथे पुन्हा जळतो आणि मग धुराडं. तेच वशिंड, फक्त उलटं टांगलेलं. मामांना समजायला एक क्षणही लागला नाही.

"लाकूड ठेवतू का फेकतू?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"इस्त्यात लाकूड हातानं ठेवतू का दारातून फेकतू?"

तिकडे शांतता पसरली. मग तो ओशाळून म्हणाला, "मामा, थंडी इतकी असते की दार उघडं ठेवावंसं वाटत नाही. फेकतोच."

"थेच लागलं त्याले. वरून ठोका बसला. अन् लाकूड ओलं असंल तं जाळ कमी म्हणून अजून भरत असशीन." हेही खरं निघालं. मुलगा गप्प. इथेसुद्धा मामा थांबले असते तर किती बरं झालं असतं. "आता आयक. गाईचं शेन भेटते का तिथं?"

"मामा, ती पाटी नवीनच घ्यावी लागते. जोडून चालत नाही. कंपनीची येते."

"केवढ्याची?"

आकडा सांगून त्यानं तो रुपयांतही करून सांगितला. सात-साडेसात हजार होत होते. मामा बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले. साडेतीन-चार दशकांत त्यांनी गावोगाव किती बाफल बसवले असतील, आणि एकेकाचे काय मिळाले असतील? काकूनं त्या वेळचे तर चहावर भागवले होते. त्यांनी मनात काहीतरी गुणाकार केला असावा, कारण ओठ हलत होते.

"बिलावर काय लिवते त्याहिनं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"बॅफल प्लेट."

"बाफलच लिवते?"

"हो मामा."

"फेकू नको थो फुटका. येतानी घेऊन ये."

चार दिवसांत ही वार्ता बाजारात पोहोचली आणि बाजारातून शिर्ला नेमाने गावापर्यंत. पहिल्या दिवशी अमेरिकेतून सल्ला विचारला गेला होता. आठवड्यानं अमेरिकेतल्या साहेबांचा फोन आला होता. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकरवरून जानेफळात येते, तोवर एका वारकऱ्यानं मलाच सांगितलं की इथल्या एका म्हाताऱ्याला विमानाचं तिकीट आलं होतं, पण म्हशीमुळे जाता आलं नाही. मामांनी यातलं काहीही स्वतः पसरवलं नव्हतं. त्यांनी फक्त कशालाच नाही म्हटलं नाही.

दिवाळीला मुलगा आला आणि खरंच बॅगेत कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून तो फुटका बॅफल घेऊन आला. विमानतळावर त्याला त्याबद्दल वीस मिनिटं उभं केलं होतं. आम्ही दोघं तो घेऊन मामांच्या घरी गेलो. मागच्या अंगणात मामी तीन दगडांवर भाकरी थापत होती. स्वयंपाकघरात मामांची स्वतःची दोन तोंडांची निर्धूर चूल होती, गुळगुळीत, पांढऱ्या मातीनं पोतारलेली, काजळीचा ठिपका नाही. मी विचारलं, "मामी, आतली चूल?"

"वाळून राह्यली," मामी म्हणाली. "गेल्या पोळ्यापासून. वाळत आली का यायले दुसरं काहीतरी सुचते."

मामांनी अमेरिकन पाटीचे दोन तुकडे उजेडात धरले. कडेला अभ्रकासारखे कण चमकत होते. नखानं खरवडून बघितलं, जिभेला लावून बघितलं, तळव्यावर तोलून बघितलं.

"याले तं वजनच नाही," ते म्हणाले. चेहऱ्यावर निराशा होती की समाधान, सांगता येणार नाही. "सात हजार. अन् अंदर भुसाच दिसते."

ते तुकडे त्यांनी प्रमाणपत्राच्या खालच्या फळीवर ठेवले. मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा फळीवर एकच होता. दुसरा मामीनं पाण्याच्या माठाखाली सारला होता. माठ बऱ्याच दिवसांपासून डुगडुगत होता म्हणे.